पसंतीक्रमात कुणीच न लिहिलेली शाखा

एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या पालकांकडून मला एकच प्रश्न येतो, "सर, एवढ्या पर्सेंटाइलवर कॉम्प्युटर मिळेल ना?" कॉलेज कसं आहे, तिथे शिकवतं कोण, मुलाला कशात रस आहे, हे प्रश्न मागून येतात किंवा येतच नाहीत. कॉम्प्युटर नाही तर आयटी, आयटी नाही तर एआय-डेटा सायन्स, आणि कुठेच नाही जमलं तर मॅनेजमेंट कोट्यातून पैसे भरून तेच. यंदा मी स्पष्ट लिहितो. जेमतेम चालणाऱ्या कॉलेजात कर्ज काढून कॉम्प्युटरची जागा विकत घेणं हा घाबरून घेतलेला निर्णय आहे, आणि त्याचे हप्ते तुमच्या मुलाला फेडावे लागतात.

एक गोष्ट पालकांच्या लक्षात आलेली नाही. २०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगल्या कॉलेजांच्या प्रवेशसंख्येवरची कमाल मर्यादा काढून टाकली. त्यामुळे मोठी कॉलेजं कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवू शकतात, आणि अनेकांनी त्या वाढवल्या. म्हणजे चार वर्षांनी तुमचा मुलगा नोकरीच्या दारात उभा राहील तेव्हा त्याच्या पुढे या कॉलेजांतली वाढीव मुलं असतील. ज्याला प्रोग्रॅमिंग मनापासून आवडतं, जो आताच घरी बसून काहीतरी तयार करतो, त्याने जरूर जावं. बाकीच्यांनी थांबून विचार करावा.

मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सिव्हिल, केमिकल या शाखा तुम्हाला माहीत आहेत. त्या चांगल्याच आहेत. मला बोलायचं आहे ते मेटलर्जीबद्दल, म्हणजे धातुशास्त्राच्या अभियांत्रिकीबद्दल. पसंतीक्रमाच्या यादीत हे नाव मला क्वचितच दिसतं. नवल याचं वाटतं की आपण राहतो ते गाव धातूवर जगतं. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी, जी २०२१ पासून यंत्र इंडिया लिमिटेडचा भाग आहे, पितळ आणि अॅल्युमिनियमचं काम करत आली. पूर्वेच्या आनंदनगर एमआयडीसीत फेरफटका मारा. मशीन शॉप आहेत, प्लेटिंग आहे, हीट ट्रीटमेंट आहे. यातलं प्रत्येक काम येत्या काही वर्षांत बदलणार आहे, आणि तो बदल करणारी माणसं हवी आहेत.

का बदलणार, ते नीट समजून घ्या. लोखंडाच्या खनिजात लोखंड ऑक्सिजनशी बांधलेलं असतं. ब्लास्ट फर्नेसमध्ये कोळशापासून बनलेला कोक तो ऑक्सिजन ओढून घेतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे कोळसा तिथे केवळ जळण नाही, रासायनिक कामही तोच करतो, म्हणून तो सहजासहजी काढून टाकता येत नाही. जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात पोलादाचा वाटा सात ते नऊ टक्के धरला जातो. भारत पोलाद उत्पादनात जगात दुसरा आहे, २०२४ मध्ये सुमारे १५ कोटी टन. पण आपल्याकडे एक टन कच्च्या पोलादामागे सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड जातो, जगाची सरासरी दोन टनांच्या आत आहे. डिसेंबर २०२४ मध्ये पोलाद मंत्रालयाने 'ग्रीन स्टील' कशाला म्हणायचं ते ठरवून दिलं. तयार पोलादाच्या टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तरच ते ग्रीन, आणि १.६ च्या खाली गेलं तर पंचतारांकित.

हे सगळं टाटा आणि जेएसडब्ल्यूसाठी आहे, आनंदनगरच्या छोट्या कारखान्याचा काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे. युरोपीय संघाने बाहेरून येणाऱ्या लोखंड-पोलाद आणि अॅल्युमिनियमवर कार्बनची आकारणी १ जानेवारी २०२६ पासून लागू केली. तिच्या यादीत नट, बोल्ट आणि स्क्रूसुद्धा आहेत. युरोपला माल पाठवणाऱ्या मालकाला आता गिऱ्हाईक विचारतं, तुमच्या एक टन मालामागे कार्बन किती? पोलाद कुठल्या भट्टीतलं? भट्टीला इंधन कोणतं? हा हिशेब अकाउंटंटच्या हातचा नाही. त्याला भट्टी कळणारा माणूस लागतो.

मग भंगार. भंगारातून अॅल्युमिनियम पुन्हा बनवायला खनिजातून बनवण्याच्या फक्त पाच टक्क्यांच्या आसपास ऊर्जा लागते. जालन्यात भंगार वितळवून सळया करण्याचा मोठा उद्योग आहे. पण भंगार म्हणजे मिसळलेला माल. जुन्या गाडीच्या पत्र्याबरोबर वायरिंगचं तांबं भट्टीत गेलं की ते पोलादातून परत काढता येत नाही, आणि मर्यादेपलीकडे गेलं की गरम रोलिंग करताना पृष्ठभागाला तडे जातात. अॅल्युमिनियममध्ये लोखंड मिसळलं की तीच रड. इंडक्शन भट्टी तर फॉस्फरसही नीट काढत नाही. भंगार कसं निवडायचं, कशात काय मिसळायचं, हे आज बऱ्याच ठिकाणी अनुभवी कारागिराच्या नजरेवर चालतं. त्या नजरेबद्दल मला आदर आहे. पण यापुढे तिच्या जोडीला विश्लेषण लागणार आहे.

माझ्या सर्वांत जवळचं उदाहरण प्लेटिंगचं आहे. निकेलच्या टाकीतून जॉब बाहेर काढला की त्याला चिकटलेलं द्रावण धुण्याच्या पाण्यात जातं. धातूही गेला, पाणीही बिघडलं, आणि उरलेला गाळ घातक कचरा म्हणून पैसे देऊन पाठवावा लागतो. धुण्याच्या एका टाकीऐवजी तीन छोट्या टाक्या लावून पाणी जॉबच्या उलट दिशेने खेळवलं, जॉब निकेलच्या टाकीवर थोडा जास्त वेळ निथळू दिला, तर पाणी कितीतरी कमी लागतं आणि निकेल परत टाकीत घेता येतं. यात कसलीही महागडी जादू नाही. ज्यांच्या खिडकीतून वालधुनी नदी दिसते, त्यांना या कामाची किंमत मी सांगायला नको.

आता पालकांशी. तुमच्यापैकी अनेकांनी एमआयडीसीत हयात घालवली. उष्णता, तिन्ही पाळ्या, तेलकट कपडे, कंत्राटदाराची मर्जी हे सगळं सोसून तुम्ही ठरवलंत की पोर एसीत बसेल. ही इच्छा मला पूर्ण समजते. पण तुमच्या वाट्याला जे आलं ते मजुरीचं काम होतं, आणि मी बोलतोय ते ती भट्टी कशी चालावी हे ठरवणाऱ्या इंजिनिअरचं. तुम्ही सोसलेले हाल मुलाच्या शाखेवर लादू नका. आणि मुलीच्या बाबतीत "शॉप फ्लोअर मुलींसाठी नाही" हे वाक्य तर घरात उच्चारूही नका. प्रयोगशाळा, प्रक्रिया नियंत्रण, संशोधन, ऊर्जा लेखापरीक्षण, सगळीकडे मुली काम करतात. मुलगी रसायनशास्त्रात रमत असताना तिला शेजारच्यांच्या मुलाकडे बघून कॉम्प्युटरला बसवणाऱ्या घरांचा मला राग येतो.

खोटं सांगणार नाही. सुरुवातीचा पगार मोठ्या आयटी कंपनीच्या चांगल्या पॅकेजपेक्षा कमी असू शकतो. मोठे कारखाने शहरापासून लांब आहेत. जेएसडब्ल्यूचा डोलवी प्रकल्प पेण तालुक्यात आहे, बाकी बरेचसे ओडिशा, झारखंड, कर्नाटकात. पहिली काही वर्षं पाळ्या कराव्या लागतील. ज्याला हे नको, त्याने या वाटेला जाऊ नये.

वाटा अशा. पदवीसाठी राज्यात जागा मोजक्या आहेत. सीईटीतून पुण्याचं सीओईपी, जेईई मेनमधून नागपूरचं व्हीएनआयटी, अॅडव्हान्स्डमधून आयआयटी मुंबई. तिथे पोहोचता आलं नाही तर मेकॅनिकल किंवा केमिकल घ्या आणि गेट देऊन मेटलर्जीत एमटेक करा. दहावीनंतरच्या मुलांसाठी शासकीय तंत्रनिकेतनात या शाखेची पदविका मिळते का ते पाहा, पुढे थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश असतो. आधीच नोकरीत असलेल्या इंजिनिअरला ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिएन्सीची ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा देता येते. आणि फॉर्म भरण्याआधी ओळखीतल्या कुणाच्या प्लेटिंगच्या किंवा हीट ट्रीटमेंटच्या युनिटमध्ये मुलाला एक दिवस घेऊन जा. आनंदनगरच्या इतक्या जवळ राहून एवढं न करण्याला काहीच कारण नाही.

शेवटचं, व्यवहाराचं. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली, तर ती आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही. म्हणून ती पहिली ओळ मुलाला किंवा मुलीला स्वतः लिहू द्या, आणि त्या वेळी तुम्ही लॅपटॉपसमोर बसू नका.