क्लास लावण्याआधी क्लास लिहा

दहावी-बारावीचे निकाल लागले की नगर जिल्ह्यातल्या पालकांच्या तोंडी एक प्रश्न हमखास असतो. "पोरगी कॉम्प्युटरला जायचं म्हणतेय, जावाचा क्लास कुठला लावू?" कॉलेज ठरलेलं नसतं, डिप्लोमा की पदवी हेही ठरलेलं नसतं, पण क्लासची चौकशी सुरू झालेली असते. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: सध्या कुठलाच लावू नका. सुट्टीतले महिने घरच्या घरी, फुकटात, हिवरे बाजारच्या पाण्याच्या ताळेबंदावर घालवा. ताळेबंदाचा आणि जावाचा काय संबंध, हे मात्र सविस्तर सांगायला हवं.

नगर शहरापासून सुमारे 17 किलोमीटरवरचं हे गाव पर्जन्यछायेत येतं. पूर्वी दुष्काळाला कंटाळून माणसं गाव सोडून जात. एम.कॉम. झालेले, क्रिकेट खेळणारे पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाले, डोंगरउतारावर चर खणले गेले, बंधारे झाले, कुऱ्हाडबंदी-चराईबंदी आली, आणि 2020 मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली. ही गोष्ट शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. आपल्या कामाची गोष्ट तिच्या पुढची आहे. पाणी आल्यावर गावानं त्याचा हिशेब ठेवायला सुरुवात केली. पावसाळा सरला की किती मिलिमीटर पाऊस पडला, विहिरींची पातळी कुठवर आली, ते मोजायचं. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं. उरलेल्यात कोणती पिकं बसतात ते ग्रामसभेत ठरवायचं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळीसारखी पाणीखाऊ पिकं घ्यायची नाहीत.

आता प्रोग्रॅमकडे वळू. प्रोग्रॅममध्ये मुळात दोनच गोष्टी असतात: माहिती, आणि त्या माहितीवर करायच्या क्रिया. प्रोग्रॅम लहान असतो तोवर दोन्ही कुठेही ठेवल्या तरी चालतं. तो हजारो ओळींचा झाला की कुठल्या कोपऱ्यातली कुठली ओळ कुठला आकडा बदलून गेली, हे शोधण्यात रात्री जातात. प्रत्येकानं आपापल्या रानात बोअर पाडावी आणि खालचं पाणी कोणी ओढलं ते कुणालाच कळू नये, तसला हा प्रकार. जावा ज्या ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीवर उभी आहे तिचं म्हणणं एवढंच, की माहिती आणि तिचे नियम एकाच ठिकाणी, एकाच्या ताब्यात ठेवा.

वहीवर करून बघा. विहीर हा एक क्लास. क्लास म्हणजे आराखडा. प्रत्येक विहिरीला मालक असतो, खोली असते, आजची पाणीपातळी असते; हे झाले ॲट्रिब्यूट. विहिरीतून उपसा होतो, पावसानं भर पडते, तिची पातळी विचारता येते. या झाल्या मेथड. आराखड्यावरून एखाद्या गट नंबरमधली प्रत्यक्ष विहीर नोंदवली की तो ऑब्जेक्ट. नोंदवताना मालक आणि खोली भरून घेणारी जी पहिली मेथड चालते ती कन्स्ट्रक्टर. आराखडा एक, विहिरी कितीही. क्लास आणि ऑब्जेक्टमधला फरक मुलाखतीत आजही पहिल्या पाच मिनिटांत विचारतात, आणि पाठ केलेली व्याख्या सांगणारा दुसऱ्याच प्रश्नाला अडखळतो.

पुढची पायरी एन्कॅप्सुलेशनची, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची. पातळीचा आकडा 'प्रायव्हेट' ठेवायचा, म्हणजे बाहेरच्या कुणालाही तो थेट बदलता येत नाही. बदलायचा तर उपसा या मेथडमधूनच जावं लागतं, आणि ती आधी तपासते: मागितलेलं पाणी शून्यापेक्षा जास्त आहे ना? यंदाच्या ताळेबंदात तेवढं शिल्लक आहे ना? नसेल तर नकार. तोंडी परीक्षेत विद्यार्थी याला 'माहिती लपवणं' म्हणून मोकळे होतात. लपवणं हा त्यातला गौण भाग. हिवरे बाजारचे पाण्याचे आकडे ग्रामसभेत सगळ्यांसमोर येतात, त्यात गुपित काहीच नाही. बघायला मोकळीक, बदलायला मात्र नियमाचीच वाट. एवढं ज्याला समजलं त्याचा निम्मा अभ्यासक्रम झाला.

इनहेरिटन्स आणि पॉलिमॉर्फिझमसाठी विहिरीवरून गोठ्यात जाऊ. पाणी आलं तसा हिवरे बाजारात चारा आला आणि दूधही वाढलं. जिल्ह्यातल्या कुठल्याही संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) यांवर लिटरचा दर निघतो. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून सुरू होतो, म्हशीचा 6 आणि 9 धरून. म्हणून 'दूध' हा मूळ क्लास करा; लिटर, तारीख, सभासद क्रमांक हे सगळ्यांना सामाईक. त्यातून 'गाईचं दूध' आणि 'म्हशीचं दूध' हे दोन क्लास काढा. सामाईक गोष्टी वारशानं आल्या, परत लिहाव्या लागल्या नाहीत: हा इनहेरिटन्स. दोघांनाही 'दर काढ' एवढंच सांगायचं, आणि प्रत्येकानं आपल्या रीतीनं काढायचा: हा पॉलिमॉर्फिझम. बिल करणाऱ्या ओळीला समोर गाय आहे की म्हैस, याची पंचाईत नाही. उद्या शेळीचं दूध आलं तर नवा क्लास जोडायचा, बिलाच्या ओळीला हात लावायचा नाही. आणि हिशेब न उलगडता नुसतं 'दर काढ' म्हणता येणं, याला म्हणायचं ॲब्स्ट्रॅक्शन.

नवशिक्यांची एक खोड इथेच मोडावी. इनहेरिटन्स आवडला की ते सगळीकडे लावत सुटतात. म्हशीचं दूध हे दूध आहे, तेव्हा तिथे वारसा बरोबर. पण विहीर म्हणजे गाव नव्हे. गावात विहिरी असतात. म्हणून 'गाव' या क्लासच्या पोटात विहिरींची यादी ठेवायची, विहिरीला गावाचा वारस करायचं नाही.

विहिरी-म्हशींची उदाहरणं मी केवळ गावाकडच्या वाचकांसाठी ओढून आणली असं कुणाला वाटेल. तसं नाही. ही पद्धत जन्मली नॉर्वेत, 1960च्या दशकात, ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर यांच्या सिम्युला भाषेतून. प्रत्यक्ष जगातल्या घडामोडींची नक्कल संगणकावर करून बघणं, हाच त्या भाषेचा हेतू होता. त्या कामासाठी दोघांना 2001 सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. सी प्लस प्लस, 1991ची पायथन, 1995ची जावा ही सगळी पुढची पिढी. तेव्हा गावातली एखादी चालती व्यवस्था उचलून ती क्लासमध्ये मांडणं, हाच या विषयाचा मूळ धडा आहे. आपल्याकडच्या मायक्रो प्रोजेक्टमध्ये मात्र वर्षानुवर्षं तीच 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम' मागच्या बॅचकडून पुढच्या बॅचकडे जाते, नुसती पहिल्या पानावरची नावं बदलून.

वहीवरचे हे क्लास संगणकावर लिहिण्याआधी हात बसायला हवा, त्यासाठी छोटी कामं. जून ते सप्टेंबरचा रोजचा पाऊस एका यादीत घ्या. बेरीज, सगळ्यात मोठा दिवस, सगळ्यात लांब उघडीप लूप लावून काढा. हवामान खात्याच्या हिशेबानं 2.5 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झालेला तोच 'पावसाचा दिवस'. असे दिवस मोजा. ही माहिती फाइलमधून वाचा, आणि एखाद्या ओळीत आकड्याऐवजी 'निरंक' लिहिलेलं असेल तर प्रोग्रॅम कोसळू देऊ नका. दुधाच्या बिलात पैसे रुपयांच्या दशांशात ठेवू नका, पैशांच्या पूर्णांकात ठेवा. पायथनला 0.1 आणि 0.2 यांची बेरीज विचारा, ती 0.30000000000000004 सांगते, असं का, हे शोधण्यात एक दुपार गेली तरी चालेल.

मग नेहमीचा पॅलिंड्रोमचा प्रोग्रॅम, म्हणजे उलटसुलट सारखाच वाचता येणारा शब्द ओळखणं. तो मराठीत करा. 'कडक' लगेच जमतं. 'नवीन' दिलं की प्रोग्रॅम नाही म्हणतो, कारण युनिकोडमध्ये व आणि त्याची वेलांटी ही दोन वेगळी चिन्हं असतात, आणि उलटं केल्यावर वेलांटी न ला चिकटून 'नीवन' होतं. ते दुरुस्त करणारी मुलगी कुठल्याही मुलाखतीत दहा मिनिटं मन लावून बोलू शकेल. जाता जाता हेही सांगतो, की पायथन 3 आणि जावा या दोन्हींत क्लासला 'विहीर' आणि मेथडला 'उपसा' अशी देवनागरी नावं चालतात. भाषेचे राखीव शब्द इंग्रजीच राहतात, पण पहिल्या महिन्यातली अर्धी भीती यानं जाते.

आता वाटा. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा. त्यात दुसऱ्या वर्षाला सी प्लस प्लसमधून हाच विषय येतो, मग जावा, आणि पुढे इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. बारावीनंतर एमएचटी-सीईटी देऊन इंजिनीअरिंग, किंवा बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, किंवा बीसीए. बीसीएलाही 2024 पासून राज्याची सीईटी आहे, हे अनेकांना अर्जाची तारीख उलटल्यावर कळतं. गणिताची आवड असलेल्या आणि लवकर कमवायची गरज असलेल्या घरातल्या मुलांना मी डिप्लोमाच सुचवतो: तीन वर्षांनी हातात एक पात्रता असते आणि पुढचं दारही उघडं राहतं. शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतून मोफत आहेत, एनपीटीईएलची व्याख्यानंही मोफत ऐकता येतात. इंजिनीअरिंगच्या पदवीनंतर पुण्याच्या सी-डॅकचा ॲडव्हान्स्ड कम्प्युटिंगचा पदव्युत्तर डिप्लोमा हा खासगी क्लासपेक्षा केव्हाही वजनदार पर्याय. 'शंभर टक्के प्लेसमेंट'ची पाटी लावणाऱ्याकडे मात्र मागच्या बॅचमधल्या चार मुलांशी बोलू द्या, एवढीच अट घाला. पाटीचा खरेपणा तिथेच कळतो.

"एआय सगळं लिहून देतंय, मग पोरांनी शिकायचं कशाला?" हा वडिलांचा प्रश्न रास्त आहे. नोकरीची हमी आज कुणीच देऊ शकत नाही, मीही देत नाही. विहिरीचा क्लास एआय क्षणात लिहून देईल. पण पिण्याचं पाणी शेतीच्या आधी राखून ठेवायचं, हा नियम कुणी सांगितला नाही तर तो राहून जाईल, आणि राहून गेलाय हे ओळखायलाही माणूसच लागेल. जिल्ह्यातल्या दूध संघांना, पतसंस्थांना, साखर कारखान्यांना हिशेबाच्या प्रणाली लागतात. तिथे गोठा आणि गाळप ठाऊक असलेला प्रोग्रॅमर हिंजवडीतल्या शहरी मुलापेक्षा चार पावलं पुढे असतो. पालकांना कोड येत नसला तरी आठवड्यातून एकदा मुलाला बसवून विचारता येतं: हा प्रोग्रॅम काय करतो, मराठीत सांग. सांगता आलं नाही, तर तो कुठूनतरी उतरवलेला आहे.

मुलींच्या पालकांसाठी खर्चाची गोष्ट. 2024-25 पासून, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असेल तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी, की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला ही सवलत मिळत नाही. सवलतीसाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, आणि प्रवर्गानुसार नॉन-क्रीमीलेअर, जात पडताळणी किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र लागतं. या दाखल्यांसाठी एप्रिल-मेमध्येच अर्ज टाका. जूनमध्ये सेतू केंद्रावर सगळा तालुका येतो, आणि सर्व्हर नेमका त्याच दिवशी बंद असतो.