चुलीचा धूर घराबाहेर काढताना

सिलिंडर संपलं की पुढचं भरेपर्यंत चूल, हा आपल्या वस्त्यांतल्या पुष्कळ घरांचा नियम झाला आहे. उज्ज्वला योजना २०१६ च्या १ मे रोजी सुरू झाली, जोडणी मिळाली. पण पुढचं सिलिंडर स्वतःच्या पैशानेच भरावं लागतं. मग चहा-भाजी गॅसवर आणि भाकरी, आंघोळीचं पाणी चुलीवर अशी वाटणी होते. २०२४ मध्ये राज्य सरकारने पात्र घरांना वर्षाला तीन मोफत सिलिंडर जाहीर केले. पाच-सहा माणसांच्या घरात तीन सिलिंडरवर वर्ष निघत नाही, हे कोणत्याही बाईला कागद-पेन्सिल न घेता कळतं.

आधीच सांगते, परवडत असेल तर गॅसच वापरा. चूल कितीही चांगली बांधली तरी गॅसची बरोबरी करत नाही. पण जिथे चूल पेटणारच आहे तिथे नुसतं "धूर वाईट असतो" असं सांगून काय उपयोग? तो धूर घराबाहेर नीट कसा काढायचा, ते या वेळी पाहू.

वॉर्डात दम लागलेली पन्नाशीची बाई आली की पहिला प्रश्न असायचा, विडी ओढता का? ती मान हलवून नाही म्हणायची, आणि ते खरं असायचं. विडीला कधी हात न लावलेल्या बाईची फुप्फुसं विडी ओढणाऱ्यासारखी होतात ती चुलीपाशी. लाकडाच्या धुरात केसाच्या जाडीपेक्षा सुमारे तीसपट बारीक कण असतात. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. चोवीस तासांच्या सरासरीत एक घनमीटर हवेत असे ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त कण नसावेत, असं आपल्या देशाचं बाहेरच्या हवेचं मानक आहे. बंद खोलीत चूल पेटली की ही मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडली जाते. मोठ्यांना जुनाट दमा, लहान लेकरांना न्यूमोनिया, गरोदर बाईचं बाळ कमी वजनाचं, डोळ्यांत मोतीबिंदू, हे सगळं या धुराशी जोडलेलं आहे. म्हणून पाठीवर किंवा मांडीवर बाळ घेऊन चुलीपुढे बसू नका.

धुराडं लावलं की काम झालं, असं मात्र नाही. केंद्र सरकारने १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला होता, तो २००२ मध्ये बंद झाला. गावोगाव धुराड्याच्या चुली बांधल्या गेल्या, पण फुटलेला पाईप बदलायला आणि तुंबलेला साफ करायला कोणी परत आलं नाही. पुढे ओडिशात ४४ गावांतल्या सुमारे २,६०० घरांमध्ये अशाच चुलींचा चार वर्षं अभ्यास झाला. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासात जाणारा धूर कमी झाला, त्यानंतर फरक उरला नाही, कारण चुली वापरातून गेल्या आणि देखभाल झाली नाही. याउलट ग्वाटेमालाच्या डोंगराळ गावांत धुराड्याच्या चुली वेळोवेळी तपासून दुरुस्त केल्या जात होत्या. तिथे लेकरांच्या अंगात जाणारा धूर जवळपास निम्मा झाला आणि गंभीर न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने घटला. चूल दोन्हीकडे धुराड्याचीच होती, हे ध्यानात घ्या.

पाईप कोणता, किती उंच

पाईप चार इंच व्यासाचा घ्या. तीन इंचाचा स्वस्त पडतो, पण काजळीने लवकर तुंबतो. लोखंडी पत्र्याचा किंवा भाजलेल्या मातीच्या नळ्यांचा चालेल. प्लास्टिकचा पाईप कधीच नको, तो वितळतो आणि विषारी धूर सोडतो. करड्या रंगाचा जुना सिमेंटचा पाईप कोणी फुकट दिला तरी घेऊ नका. त्यात बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉस असतं, आणि ते कापताना उडणाऱ्या धुळीने फुप्फुसाचा कर्करोग होतो. आपल्याकडच्या कितीतरी घरांवर याच जातीचे सिमेंटचे पत्रे आहेत. अशा पत्र्याला भोक पाडण्यापेक्षा पाईप भिंतीतून बाहेर काढून बाहेरच्या बाजूने वर न्या.

धूर गरम असतो म्हणून वर चढतो, आणि त्या चढण्यालाच ओढ म्हणतात. पाईप जितका सरळ आणि उंच तितकी ओढ चांगली. आडवा पाईप टाकला की धूर थंड होतो, रेंगाळतो आणि घरात परततो. भिंतीतून काढताना वळण द्यावंच लागलं तर पाईप तिरका, वरच्या दिशेने चढता ठेवा. छपरातून जिथे तो बाहेर येतो तिथून निदान तीन फूट वर जायला हवा, आणि दहा फुटांच्या आत एखादी भिंत किंवा छप्पर उंच असेल तर त्याच्याहून दोन फूट वर. वर पत्र्याची टोपी हवी, पण टोपी आणि पाईप यांत मोकळी जागा ठेवा. घट्ट बसवलेली टोपी म्हणजे बंद धुराडं.

दाट वस्तीत हे माप पाळणं अवघड आहे, मला माहीत आहे. शेजारच्याने वर माडी चढवलेली असते आणि आपला पाईप बरोबर त्याच्या खिडकीसमोर संपतो. आपल्या घरातला धूर शेजारच्या लेकराच्या नाकात सोडणं हा काही उपाय नाही. बांधण्यापूर्वी दोन्ही घरच्यांनी बसून बोलावं. महिला मंडळात किंवा विहाराच्या बैठकीत विषय काढला तर चार घरांचे पाईप एकाच बाजूला, एकाच उंचीवर नेता येतात. जिथे कोणत्याच बाजूने नीट वाट निघत नाही, तिथे घरात चूल बांधूच नका. अंगणात किंवा ओसरीत, तिन्ही बाजूंनी उघड्या जागी चूल बरी.

आगीचाही विचार हवा. एका पदराचा पत्र्याचा पाईप चांगलाच तापतो. लाकडी वासा, ताडपत्री, फ्लेक्स, कपड्यांची दोरी, विजेची वायर या सगळ्यांपासून तो दीड फूट दूर ठेवा. टिनाचं छप्पर जळत नाही, पण त्याखालचा वासा आणि उन्हासाठी लावलेला फ्लेक्स जळतो. छपराचं भोक पाईपापेक्षा बरंच मोठं कापून मध्ये पत्र्याचं कडं बसवायला मिस्त्रीला सांगा. गॅसचं सिलिंडर आणि पेटती चूल एका कोपऱ्यात नको. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत पसरतो, आणि चूल जमिनीवरच असते. चूल पेटवायला रॉकेल ओतणं तर अजिबात नको.

चूल बांधताना विस्तवाजवळ सिमेंट वापरू नका, ते तापून तडकतं. विटा आणि भुसा मिसळलेली चिकणमाती बरी. भांडं चुलीच्या तोंडावर पूर्ण बसलं पाहिजे; फट राहिली की धूर पाईपात जाण्याऐवजी तोंडावर येतो. दोन तोंडांची चूल असेल आणि एकच भांडं चढवलं असेल तर दुसरं तोंड झाकणाने बंद करा. चूल बनली की आठवडाभर सुकू द्या.

हवा आत, धूर बाहेर

धूर बाहेर जायचा तर तेवढीच हवा आत आली पाहिजे. दार-खिडकी घट्ट बंद असली तर उत्तम धुराडंही ओढत नाही. त्याच खोलीत एक्झॉस्ट पंखा चालू असेल तर तो धुराड्यातला धूरच उलटा खेचतो, म्हणून चूल पेटलेली असताना तो बंद ठेवा. दार थोडं उघडं असू द्या किंवा भिंतीत खालच्या बाजूला एक जाळी बसवा. थंड पाईपात सुरुवातीला ओढ नसते. आधी कागदाचा बोळा पेटवून पाईप गरम करा, मग लाकूड लावा. ओढ पाहायला वंदनेची अगरबत्ती पुरते. ती चुलीच्या तोंडाशी धरा. धूर आत खेचला गेला तर ठीक, तुमच्याकडे वळला तर कुठेतरी तुंबलं आहे.

सरपण मनगटाएवढं चिरलेलं आणि सुकलेलं हवं. ओल्या लाकडाने पाईपात डांबरासारखा चिकट थर बसतो, आणि एक दिवस तो थरच पेट घेतो. प्लायवूड, रंगवलेलं फर्निचर, चपलांचे तुकडे, टायर, प्लास्टिकच्या पिशव्या चुलीत घालू नका. फुकट मिळतं खरं, पण त्यांच्या धुराला साध्या लाकडाच्या धुरापेक्षा जास्त विष असतं.

पाईपाच्या तळाशी झाकणाचं एक तोंड ठेवायला मिस्त्रीला आधीच सांगा, नंतर कोणी करत नाही. रोज चूल पेटत असेल तर महिन्यातून एकदा दोरीला बांधलेला काथ्याचा बोळा वरून खाली ओढून काजळी काढायची. चूल पूर्ण थंड असताना, नाकातोंडाला ओला रुमाल बांधून. छपरावर चढायचं काम घरातल्या पुरुषांनी करावं. बायकांनी धूरही खायचा आणि काजळीही काढायची, हे बरोबर नाही.

थंडीतल्या शेगडीबद्दल

विदर्भात डिसेंबर-जानेवारीत रात्री निखाऱ्यांची शेगडी खोलीत घेऊन दार लावून झोपतात. निखाऱ्यांना धूर नाही म्हणजे धोका नाही, असं वाटतं. खरं तर निखाऱ्यांतूनच कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तात तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो आणि माणूस झोपेतच जातो. निखारे घराबाहेर ठेवून विझवा, मग झोपा.

घरात दोघा-तिघांचं एकाच वेळी डोकं दुखू लागलं, चक्कर, मळमळ, गुंगी आली तर दार उघडून सगळ्यांना लगेच बाहेर काढा आणि १०८ ला फोन करा. कोरोनापासून बऱ्याच घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. अशा वेळी त्यावर ९८ दिसलं तरी विश्वास ठेवू नका, कारण त्या यंत्राला हा वायू आणि प्राणवायू यांत फरक कळत नाही. दवाखान्यात गेल्यावर "खोलीत शेगडी पेटलेली होती" हे पहिल्याच वाक्यात सांगा. नाहीतर पित्ताची गोळी देऊन घरी पाठवतील, आणि रुग्ण परत त्याच खोलीत जाईल.