दहा जणांच्या ऑफिससाठी राउटर : बंगळुरूत खर्च किती?

जयनगरमधलं सीए ऑफिस घ्या किंवा एचएसआर लेआउटमधला छोटा डिझाइन स्टुडिओ. नेट कंपनीने जोडणीबरोबर दिलेल्या राउटरवरच सगळ्यांचं काम चाललेलं असतं. आधी एक हिशोब करा. दहा माणसं, सरासरी पगार 40,000, महिन्याचे कामाचे तास 200. नेट तासभर बंद राहिलं की 2,000 रुपयांचा पगार बसून जातो; रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशीचं नुकसान वेगळंच.

खोक्यावरच्या वेगाच्या आकड्याला भुलू नका. तो वायफायच्या सगळ्या पट्ट्यांची कागदावरची बेरीज असतो. लाइन 200 एमबीपीएसची असेल, तर 3,000 छापलेला राउटर घेऊनही इंटरनेट 200 च्या पुढे जाणार नाही. ऑफिससाठी खरी गरज आहे ती दोन लाइन घेणाऱ्या राउटरची. एक तुटली की काम आपोआप दुसरीवर गेलं पाहिजे.

इथेच दुकानदाराला नेमकं विचारा: लाइन चालू आहे की बंद, हे राउटर कशावरून ठरवतो? रस्त्यावर फायबर तुटली तरी ऑफिसातला कंपनीचा डबा सुरूच असतो, त्यातून येणारी वायर जिवंत दिसते आणि साधा राउटर मेलेल्या लाइनवरच डेटा पाठवत राहतो. बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला ठरावीक वेळाने पिंग करून खात्री करणारा राउटर हवा. टीपी-लिंकचा ईआर605 किंवा मायक्रोटिकचा हेक्स यांत ही सोय करता येते. दोन्हींत वायफाय नाही, ते वेगळं घ्यावं लागतं. मायक्रोटिक दणकट आहे, पण त्याची सेटिंग जाणणारा माणूस हाताशी नसेल तर मी तो सुचवणार नाही.

दुसरी लाइन निवडताना कंपनीच्या नावाआधी तारेचा मार्ग पाहा. बंगळुरूत फायबर झाडांवरून आणि खांबांवरून लोंबत जाते. पावसात फांदी पडली की त्या खांबावरच्या सगळ्याच कंपन्यांच्या तारा एकदम तुटतात. म्हणून एक फायबर आणि दुसरी 5जी वायरलेस, ही जोडी मला जास्त भरवशाची वाटते. मात्र बाहेरून ऑफिसातला टॅली किंवा सीसीटीव्ही पाहायचा असेल, तर फायबरवर स्टॅटिक आयपी मागून घ्या. त्याचे पैसे वेगळे पडतात.

आता अंदाजे खर्च. दोन लाइनचा राउटर 5,000 ते 8,000, छताला लावायचा चांगला ॲक्सेस पॉइंट 5,000 ते 9,000, वायरिंग आणि मजुरी 4,000 ते 6,000. वीज गेली तरी नेट चालू राहावं म्हणून 12 व्होल्टचा मिनी यूपीएस, नग 1,500 ते 2,500. तो फक्त राउटरला लावून भागत नाही. फायबरच्या डब्याला आणि ॲक्सेस पॉइंटलाही बॅकअप हवा. घेण्याआधी प्रत्येक ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर वाचा. एका मजल्यावरच्या ऑफिसचं काम साधारण 20,000 ते 30,000 मध्ये होतं. दुसऱ्या लाइनचे महिन्याला 500 ते 1,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी.

केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था सर्ट-इन हिच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी 180 दिवस जपायच्या आहेत. घरगुती राउटर बंद करून सुरू केला की नोंदी बहुधा पुसल्या जातात. तेव्हा नोंदी दुसऱ्या संगणकावर पाठवणारा राउटर पाहा. राउटर बनवणारी कंपनी त्या मॉडेलला सुरक्षा अपडेट अजून देते का, हेही तिच्या साइटवर तपासा. स्वस्तात मिळणारा जुना माल इथेच फसवतो.

एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात भाव करायला वाव असतो, पण जीएसटी क्रमांक आणि सीरियल नंबर असलेलं पक्कं बिल घ्याच. नोंदणीकृत ऑफिसला कराची वजावट मिळते आणि वॉरंटीचं भांडण टळतं. बसवणाऱ्याचे पैसे चुकते करण्याआधी व्हिडिओ कॉल सुरू ठेवून फायबरच्या डब्यात शिरणारी रस्त्याकडची तार त्याच्याकडून काढून घ्या. कॉल क्षणभर अडखळून पुन्हा सुरू झाला पाहिजे. ॲडमिन पासवर्ड आणि सेटिंगची बॅकअप फाइल त्याच दिवशी आपल्या ताब्यात घ्या.