शिरूर-दौंडहून मुलाच्या एमआरआयला निघताना

एमआरआयच्या यंत्रात क्ष-किरण नसतात. असतो तो प्रचंड ताकदीचा चुंबक आणि रेडिओलहरी. बहुतेक यंत्रे १.५ किंवा ३ टेस्लाची असतात, १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट. तपासणी दुखत नाही. अडचण अशी की २० मिनिटे ते पाऊण तास मुलाने हलायचे नसते, आणि यंत्राचा आवाज कानठळ्या बसवणारा. मूल हलले की चित्र पुसट येते. सहा-सात वर्षांपुढची बरीच मुले समजावल्यावर पडून राहतात. त्याहून लहानांना बहुधा झोपेचे औषध किंवा भूल लागते. अगदी तान्ह्या बाळाचे मात्र कधी कधी पोटभर पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळले की नुसत्या झोपेतही भागते.

भूल देऊन तपासणी करायची तर शिरूर-दौंडच्या पालकांना बहुधा पुणे गाठावे लागते. शिरूरहून नगर रस्त्याने सत्तरेक किलोमीटर, वाटेत रांजणगाव, शिक्रापूर आणि वाघोलीची कोंडी. दौंडहून रेल्वे, नाहीतर पाटस, यवत, उरुळी कांचन असा सोलापूर रस्ता. ससून रुग्णालयाची तारीख असो की खासगी केंद्राची, ती हुकण्याची कारणे पुष्कळदा या वाटेवरच घडतात.

पहिले कारण खाण्याचे. गुंगीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते, म्हणून पोट रिकामे हवे. नेहमीचा हिशेब असा: जेवण, बिस्किट, गाईचे किंवा पावडरचे दूध ६ तास आधी बंद, आईचे दूध ४ तास, साधे पाणी २ तास. केंद्राने वेगळे सांगितले असेल तर तेच पाळायचे. हे तास भुलीच्या वेळेपासून मागे मोजायचे, घरातून निघण्याच्या वेळेपासून नव्हे. सकाळी १० ची वेळ असेल तर पहाटे ४ नंतर खाणे नाही, म्हणजे रात्रीचे जेवण हेच शेवटचे. अंगावर पिणाऱ्या बाळाला ६ वाजता, गाडीत बसण्याआधी पाजता येते. पाणी ८ पर्यंत. दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत. एवढे सगळे पाळून शिक्रापूरच्या चौकात गाडी अडकते, लेकरू रडायला लागते आणि कुणीतरी बिस्किटाचा पुडा फोडते. ‘एकच तर खाल्लं’ हे भूलतज्ज्ञाला पुरत नाही. तारीख पुढे जाते. सोबत येणाऱ्या आजी-आजोबांना, मामाला हे आदल्या रात्रीच बजावून ठेवावे. खाल्लेच असेल तर लपवू मात्र नये.

दुसरे कारण झोपेचे. झोपेचे सिरप द्यायचे असेल तर मुलाला रात्री उशिरा झोपवून पहाटे लवकर उठवायला सांगतात. घरचे ते इमानेइतबारे करतात, आणि गाडीत खिडकीचा वारा लागताच मूल गाढ झोपते. केंद्रावर पोचेपर्यंत झोप पुरी होते. मग सिरप देऊनही ते टक्क जागे. वाटेत मुलाला बोलते ठेवायला गाडी चालवणाऱ्याखेरीज एक माणूस हवेच. सर्दी, खोकला, ताप असेल तर भूल पुढे ढकलतात; निघण्याआधीच फोन केला तर खेप वाचते. मुलाचे वजन किलोत माहीत असावे, औषधाची मात्रा त्यावर ठरते.

धातूच्या बाबतीत गावाकडे एक गैरसमज आहे: चांदी-सोने चुंबकाला चिकटत नाही, मग राहू दे. पण रेडिओलहरींमुळे धातूच्या बंद कड्यात वीज खेळून ते तापू शकते आणि चित्रही बिघडते. चांदीचा करगोटा, वाळे, बिंदल्या, ताईत, झबल्याची सेफ्टीपिन, सगळे उतरवावे. मनगटात घट्ट बसलेली बिंदली केंद्राच्या दारात ओढत बसण्यापेक्षा आदल्या दिवशी साबण लावून काढावी. कानातली बाळी निघत नसेल तर सोनाराकडे जावे. आई आत थांबणार असेल तर मंगळसूत्र, जोडवी, केसांच्या पिना, मोबाइल बाहेर. जोडवी काढायची की नाही हा वाद घरी मिटवून निघालेले बरे. दिवस गेले असतील तर आत दुसऱ्याने थांबावे. यंत्र थांबलेले दिसले तरी चुंबक चालूच असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात रुग्णासोबतचा एक तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला आणि प्राणाला मुकला.

मुलाच्या डोक्यात शंट, कानात कॉक्लिअर इम्प्लांट किंवा शरीरात शस्त्रक्रियेची पट्टी असेल तर ते तारीख घेतानाच सांगावे आणि त्याची कागदपत्रे न्यावीत. काही शंटचे सेटिंग चुंबकाने बदलते. ते नंतर पुन्हा तपासावे लागते.

समजत्या मुलाला खरे सांगावे. रंगद्रव्याचे इंजेक्शन द्यायचे असेल तर सुई टोचणार हेही. ‘गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई देतील’ ही धमकी वर्षभर ऐकलेल्या मुलाला त्या बोगद्यात शांत झोपवणे अवघड जाते. आठवडाभर आधी ‘स्टॅच्यू’चा खेळ खेळावा: कॉटखाली उताणे पडायचे, शेजारी पत्र्याचा डबा वाजवायचा आणि हलायचे नाही. आवाज बोअर मारणाऱ्या गाडीसारखा येणार, पण कानाला हेडफोन किंवा बोळे असतील, हे सांगून ठेवले की मूल दचकत नाही.

भुलीनंतर मूल पुरते जागे होईपर्यंत केंद्र सोडू नये. आधी घोटभर पाणी, ते टिकले तर खाणे. परतताना मोटरसायकल नको. गाडीत पेंगताना मुलाची मान पुढे पडून श्वास अडू शकतो, म्हणून एकाने शेजारी बसून मान सरळ धरावी. त्या दिवशी सायकल, जिना, विहिरीचा काठ बंद. उलट्या थांबत नसतील, हलवूनही मूल उठत नसेल किंवा श्वास घेताना धाप लागत असेल तर १०८ ला फोन करावा.