ऑकच्या संगतीत: अनुभवाचे बोल

१. आधी फाइल डोळ्यांखालून घाला, मग ऑकमध्ये, म्हणजे ओळी-रकान्यांचा मजकूर हाताळणाऱ्या छोट्या भाषेत, प्रत्येक ओळीत किती रकाने पडतात ते एनएफ छापून पाहा. सगळीकडे सात आणि दोन-चार ओळींत आठ निघाले, की बहुधा पत्त्यात स्वल्पविराम शिरलेला असतो. अशा स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या फाइलींसाठी, म्हणजे सीएसव्हीसाठी, २०२३ पासून मूळ ऑक आणि गॉक (ऑकचं जीएनयू रूप) या दोन्हींत वेगळा पर्याय आहे. जुनी आवृत्ती असेल, तर यादी टॅब घातलेलीच मागून घ्या.

२. आहो, वाइनबर्गर आणि कर्निगन यांनी १९७७ मध्ये बेल लॅब्जमध्ये ऑक घडवलं. त्याचा गाभा इतकाच: ओळ नमुन्यात बसली, तर ही कृती कर. फाइल उघडणं, ओळी वाचणं, रकाने पाडणं ते आपणहून करतं. म्हणून कृतीत ‘जर-तर’ लिहायला घेतलं, की मी थांबते. बहुतेकदा ती अट नमुन्याच्या जागी हवी असते.

३. मराठी याद्यांसाठी हे सर्वांत महत्त्वाचं. देवनागरी आकडे ऑकला संख्या वाटत नाहीत. रकान्यात ‘१२५०’ असेल, तर बेरजेत शून्य धरलं जातं आणि चूक झाल्याचा इशाराही येत नाही. इंग्रजी आकड्यांत लिहिलेल्या रकमेत हजाराचा स्वल्पविराम असेल, तर ऑक त्याच्या अलीकडचंच घेतं. साडेबाराशेचा एक होतो. बेरजेआधी जीसबने स्वल्पविराम काढा, दहाही देवनागरी आकडे इंग्रजीत बदलून घ्या आणि दोन-तीन रकमा हातानं ताडून पाहा. लांबीचंही तसंच. ‘मराठी’ हा शब्द वाचणाऱ्याला तीन अक्षरांचा. युनिकोड जाणणारं गॉक काना आणि वेलांटी वेगळी धरून पाच सांगतं, नुसते बाइट मोजणारं मॉक हे ऑकचं आणखी एक रूप पंधरा. नावं ठरावीक रुंदीत छापायची असतील, तर या आकड्यांवर विसंबू नये.

४. निकाल त्याच फाइलीत वळवू नका. ऑक सुरू होण्याआधीच शेल ती रिकामी करतं.

५. गावनिहाय बेरीज करायला गावाचं नाव हीच ॲरेची किल्ली करा. एवढ्या एका सोयीसाठीही ऑक शिकावं, असं मला मनापासून वाटतं. छापताना गावं कुठल्या क्रमानं येतील याची मात्र हमी नसते. निकाल पुढे सॉर्टकडे द्यावा.

६. ‘शेवटचा रकाना पुणे’ अशी अट घातली आणि एकही ओळ आली नाही, तर फाइल विंडोजवरून आली आहे का ते बघा. ओळीच्या टोकाला न दिसणारं कॅरेज रिटर्न चिकटलेलं असतं. एका सबनं ते निघतं.