एक मालक, अनेक आवाज : हुगेनबर्गचा वृत्तव्यवसाय आणि फॅसिझमची पूर्वतयारी

भाषा आणि सत्ता यांच्या संबंधाचा विचार करताना आपल्या डोळ्यांपुढे प्रथम शासनसत्ता येते. राजभाषा, आज्ञापत्रे, मुद्रणबंदी ही तिची परिचित रूपे होत. परंतु मोजक्या उद्योगसमूहांच्या हाती एकवटलेली खाजगी सत्ताही सार्वजनिक भाषेला वळण लावते. हे वळण फॅसिझमच्या वाटेला कसे जाऊन मिळते, ते जर्मनीतील एका उदाहरणावरून पाहू.

आधी संज्ञेविषयी. ‘फॅसिझम’ हा शब्द ‘फाशो’ म्हणजे जुडी किंवा मोळी या इटालियन शब्दावरून आला. आज तो शिवीसारखा सढळपणे वापरला जातो. या पाठात मात्र एकपक्षीय, एकनेतृत्ववादी, विरोधकांना बळाने संपवणारी राजवट एवढाच अर्थ अभिप्रेत आहे.

आल्फ्रेड हुगेनबर्ग हा १९०९ ते १९१८ या काळात पोलाद आणि तोफा तयार करणाऱ्या क्रुप कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष होता. रूहर खोऱ्यातील कोळसा-पोलाद उद्योगांच्या पाठबळावर त्याने १९१६ मध्ये बर्लिनमधील शेर्ल ही प्रकाशनसंस्था घेतली. पुढे ‘टेलिग्राफन-उनियोन’ ही वृत्तसंस्था, एक मोठी जाहिरातसंस्था आणि १९२७ मध्ये ‘ऊफा’ ही चित्रपट कंपनी त्याच्या ताब्यात आली. बातमी, जाहिरात आणि पडदा या तिन्ही गोष्टी एका हाती आल्या.

तरीही भाषेच्या अभ्यासकाने सर्वांत बारकाईने पाहावी अशी गोष्ट निराळीच आहे. हुगेनबर्गची एक संस्था लहान गावांतील वृत्तपत्रांना तयार मजकुराचे साचे पुरवीत असे. कागदाच्या लगद्यावर मजकुराचा ठसा उमटवलेला असे. त्यात वितळलेला धातू ओतला की छपाईचा ठोकळा तयार. खिळे जुळवणाऱ्याची मजुरी वाचे, लेखकाचे मानधन वाचे. चलनवाढीने गांजलेल्या संपादकाला हे वरदानच वाटले असणार. वाचकाच्या हाती मात्र त्याच्या गावाचे, ओळखीच्या नावाचे पत्र पडे. अग्रलेख बर्लिनहून आला आहे, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. तोच शब्दप्रयोग शेजारच्या गावातील पत्रातही आढळला, तर ‘सर्वत्र हेच बोलले जात आहे’ असा त्याचा समज होणार. वस्तुतः बोलणारा एकच होता. आवाजांची संख्या आणि स्रोतांची संख्या यांतील हा भेद आपण नीट लक्षात घ्यावा.

या यंत्रणेचा राजकीय उपयोग १९२९ मध्ये स्पष्ट झाला. हुगेनबर्ग तेव्हा जर्मन राष्ट्रीय जनता पक्षाचा नेता होता. युद्धभरपाईच्या यंग योजनेविरुद्ध त्याने सार्वमताची मोहीम उभारली आणि तीत हिटलरला सामील करून घेतले. प्रस्तावित कायद्याच्या नावातच ‘जर्मन जनतेच्या गुलामीविरुद्ध’ असे शब्द होते. करारावर सही करणाऱ्या मंत्र्यांना देशद्रोही ठरवून शिक्षा करावी, असे कलमही होते. हप्त्यांचा आर्थिक प्रश्न अशा रीतीने गुलामी आणि द्रोह यांच्या परिभाषेत मांडला गेला. डिसेंबरमधील सार्वमत पडले. जेमतेम १५ टक्के मतदार मतदानाला आले. परंतु वर्षापूर्वी २.६ टक्के मते मिळवणारा हिटलर आता प्रतिष्ठितांच्या व्यासपीठावर आला होता. सप्टेंबर १९३० मध्ये त्याच्या पक्षाला १८.३ टक्के मते मिळाली. हुगेनबर्गच्या पक्षाची मते मात्र १४ वरून ७ टक्क्यांवर घसरली. त्याने पेरलेली भाषा दुसऱ्यानेच कापून नेली.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘उद्योगपतींनी हिटलरला विकत घेतले’ हे विधान सोपे आहे, पण अपुरे आहे. फ्रिट्झ थिसेनसारखे अपवाद वगळता १९३३ पूर्वी बड्या उद्योगांचा बहुतेक पैसा इतर उजव्या पक्षांकडे जात होता. शिवाय मंदी आणि बेकारी यांना बाजूला ठेवून नाझी मतांची वाढ उलगडत नाही. माझ्या मते निर्णायक ठरली ती देणगी नव्हे, तर लोकशाहीविषयीचा तिरस्कार रोजच्या वाचनाचा भाग बनणे.

पैसा आला तो सत्ता मिळाल्यावर. २० फेब्रुवारी १९३३ रोजी गोरिंगच्या निवासस्थानी सुमारे दोन डझन उद्योगपती जमले. त्यांत गुस्टाव्ह क्रुप आणि ‘इ. गे. फार्बेन’ या महाकाय रसायन कंपनीचा प्रतिनिधीही होता. खाजगी उद्योग लोकशाहीत टिकणार नाही, असे हिटलरने त्यांना सांगितले. ५ मार्चची निवडणूक पुढील दहा वर्षांतील, कदाचित शंभर वर्षांतीलही, शेवटची असेल, असे गोरिंगने सूचित केले. त्यानंतर ३० लाख मार्कांचा निधी मागण्यात आला. विरोध झाला नाही.

हुगेनबर्ग हिटलरच्या पहिल्या मंत्रिमंडळात अर्थ आणि कृषी मंत्री झाला. हिटलरला आपण आवरू, अशी त्याची खात्री होती. जूनअखेर त्याला राजीनामा द्यावा लागला, पक्ष विसर्जित झाला आणि वर्ष संपण्यापूर्वी त्याची वृत्तसंस्था सरकारी वृत्तसंस्थेत विलीन झाली. या सक्तीच्या एकरूपतेला नाझींनी ‘ग्लाइखशाल्टुंग’ हा शब्द वापरला. त्यातील ‘शाल्टुंग’ म्हणजे विजेच्या मंडलातील जोडणी. सगळे दिवे एकाच कळीवर! साच्यांच्या वृत्तपत्रांनी ही जोडणी बरीच आधी करून ठेवली होती.

स्वयंअध्ययन : एकाच दिवसाची तीन मराठी वृत्तपत्रे घ्या. एकच बातमी कोठे शब्दशः सारखी आहे ते अधोरेखित करा आणि तिचा मूळ स्रोत, तसेच प्रत्येक पत्राची मालकी, शोधून नोंदवा.