घातलं तरच चालतं

सातारा

चि. अनिकेत यास,


पगारवाढ झाली आणि सिटिझनचं ‘त्सुयोसा’ घेतलंस, हे ताईनं सांगितलं होतंच. मागोमाग तुझ्या तीन तक्रारीही आल्या: घड्याळ रोज पंधरा सेकंद पुढं जातं, शनिवार-रविवार काढून ठेवलं की सोमवारी बंद असतं, आणि ऑफिसात कुणीतरी त्याला ‘रॉयल ओकची नक्कल’ म्हणालं. दुकानात गिऱ्हाईक असताना फोनवर धड बोलणं होत नाही, म्हणून लिहितोय.

पहिल्या दोन तक्रारी निकालात काढतो. तुझ्या घड्याळात मियोटाचं 8210 मशीन आहे. मियोटा म्हणजे सिटिझनचंच घर. हे मशीन तासाला 21,600 ठोके देतं, म्हणजे सेकंदाला सहा. दिवसाकाठी 20 सेकंद मागं ते 40 सेकंद पुढं एवढा फरक चालायचाच, असं बनवणारेच सांगतात. त्या हिशेबात तुझं पंधरा सेकंद अगदी छान. सेलच्या घड्याळाशी त्याची बरोबरी लावू नकोस. तिथला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. आणि चावी पूर्ण भरली तरी हे चालणार साधारण 40 तास. शुक्रवारी संध्याकाळी काढून सोमवारी सकाळी पाहिलंस तर साठ तास उलटलेले असतात. बंद पडलं नसतं तरच मी चकित झालो असतो.

आता ते उलटं करून मागच्या काचेतून बघ. आत एक अर्धगोल वजन फिरताना दिसेल. हात झटकलास की कधीकधी ते गरगरतं आणि मनगटाला बारीकशी थरथर जाणवते. पुष्कळ लोक घाबरून तेवढ्यासाठी दुकानात येतात. काही सैल झालेलं नसतं. या मशीनमध्ये ते वजन एकाच दिशेला फिरताना चावी भरतं, उलट्या दिशेला मोकळं सुटतं. तुझ्या हालचालीवर घड्याळ जगतंय, त्याचीच ती खूण. म्हणून माझं मुख्य सांगणं एकच: हे घड्याळ रोज घाल. लग्नकार्यासाठी डबीत जपून ठेवायचं असेल, तर सेलचं घेतलं असतंस तरी चाललं असतं.

तिसऱ्या तक्रारीमागचा इतिहासही ऐक. 1969 साली सायकोनं क्वार्ट्झचं घड्याळ बाजारात आणलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत स्वित्झर्लंडच्या कारागिरांचे धाबे दणाणले. 1972 साली ओदमार पिगे या जुन्या घराण्यानं ‘रॉयल ओक’ काढलं. आराखडा जेराल्ड जेंटाचा. अष्टकोनी कडं, त्यावर आठ स्क्रू उघडे दिसणारे, आणि पट्टा केसमधूनच उगवल्यासारखा, जसा तुझ्या घड्याळाचा. किंमत 3,300 स्विस फ्रँक. पोलादाच्या घड्याळाला तेव्हा कित्येक सोन्याच्या घड्याळांपेक्षाही जास्त भाव, म्हणून लोकांनी नावं ठेवली. चारच वर्षांनी त्याच जेंटानं पाटेक फिलिपसाठी ‘नॉटिलस’ रेखाटलं. त्यांनी पोलाद सोन्याच्या भावानं विकून दाखवलं. तुझ्या घड्याळासारख्यांनी ते पुन्हा पोलादाच्या भावाला आणलं. यात लाजण्यासारखं काय आहे?

नक्कल म्हणजे दुसऱ्याचं नाव छापून विकलेली ‘फर्स्ट कॉपी’. तुझ्या तबकडीवर ज्यानं बनवलं त्याचंच नाव आहे. शिवाय ते नाव आपल्याला परकं नाही. 1961 मध्ये बंगळूरला एचएमटीची घड्याळं सुरू झाली ती सिटिझनच्याच सहकार्यानं. आजोबांच्या हातातली ‘जनता’ त्याच एचएमटीची. तेव्हा ऑफिसातल्या त्या माणसाला हसून ‘बरं’ म्हण आणि कामाला लाग. घड्याळ समोरच्याच्या नजरेसाठी घातलं, की ते कधीच पुरेसं भारी वाटत नाही.

आता पट्ट्याचं. फोटोत घड्याळ मनगटाच्या हाडावर घसरलेलं दिसतंय, म्हणजे कड्या कमी करायला हव्यात. सकाळी मनगट बारीक असतं, दुपारी उन्हात थोडं फुगतं. म्हणून हे काम दुपारी करून घे. कड्यांच्या आतल्या बाजूला बाण असतात, पिन बाणाच्या दिशेनं बाहेर ढकलतात आणि उलट्या बाजूनं परत बसवतात. दोन्ही बाजूंनी सारख्या कड्या काढायला सांग, म्हणजे लॉक मनगटाच्या बरोबर खाली येतं. शेवटी करंगळीचं टोक आत सरकलं पाहिजे. साध्या घड्याळाला कुठलाही चामड्याचा पट्टा चढवून वेळ मारून नेता येते. इथं केस आणि पट्टा एकाच अंगाचे, त्यामुळं माप चुकलं की चोवीस तास टोचत राहतं. काढलेल्या कड्या, पिना मागून घे आणि डब्यात ठेव. तशा कड्या आमच्याकडं सुट्या मिळत नाहीत.

राहिलं सांभाळणं. पुढची काच सफायरची, तिला सहसा चरे पडत नाहीत, पोलादाला पडणारच. चरा दिसला म्हणून पॉलिश मारायला देऊ नकोस, मूळच्या बारीक रेघा पुसल्या जातात. 50 मीटर लिहिलंय ते प्रयोगशाळेतल्या दाबाचं माप आहे. पावसात भिजलास, हात धुतलेस तरी काही बिघडत नाही. पोहायला जाताना मात्र काढ, कारण याची चावी स्क्रूनं आवळली जात नाही. रात्री नऊ ते पहाटे चार तारीख बदलू नकोस, तेव्हा तारखेचे दाते गुंतलेले असतात. स्पीकरवर किंवा फोनच्या चुंबकी कव्हरवर ठेवू नकोस. चुंबकानं आतल्या बारीक हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले की घड्याळ एकदम मिनिटांनी पुढं पळू लागतं. तसं झालंच तर घेऊन ये, चुंबक उतरवायला एक मिनिट पुरतं. आणि कड्यांमध्ये घाम-मळ साचतो, तो महिन्यातून एकदा मऊ टूथब्रशनं साबणाच्या पाण्यात साफ कर. चावी आत दाबलेली आहे ना, ते आधी बघ.

चार-पाच वर्षांनी तेलपाणी लागेल, ते मी करीन. काढलेल्या कड्याही तेव्हा घेऊन ये. तोवर तुझं लग्न झालेलं असेल, आणि आपल्या घराण्यात लग्नानंतर मनगटं भरतात.

तुझा,
मामा